कॉलमशेजारची बोटभर फट

४ फेब्रुवारी

ठमे,

मी माझ्या हातांनी बांधलेलं: एकोणतीस घरं, त्यातली अकरा दुमजली. ओढ्यावरचे दोन पूल. पाण्याच्या तीन टाक्या, एकही ठिबकत नाही. बेकरीची एक भट्टी, घुमटासकट. एक गोल जिना, एकवीस पायऱ्या, प्रत्येक पायरी पावणेसात इंच, पहिली आणि शेवटची धरून. स्वतःचं घर, दारं-खिडक्यांसह, सुताराला हात लावू न देता. आणि तुझी शाळा.

ही यादी तुझ्या शाळा समितीच्या अध्यक्षांसाठी. "तुमचे बंधू शिकलेत किती?" असं त्यांनी विचारलं म्हणालीस ना, त्यांना हे वाचून दाखव. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं ओळंब्याच्या दोरीकडून शिकलो, आणि ओळंबा पास-नापास करताना वशिला बघत नाही.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय. मी स्वतःच आलो असतो, पण डावा घोटा प्लॅस्टरमध्ये आहे, पाच आठवडे हलायचं नाही. तुझी वहिनी म्हणते, जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा केलात, आता तुमची पाळी.

आता मुद्दा. परवा सकाळी बसलेला भूकंपाचा धक्का पाच पूर्णांक एकचा. अध्यक्षांच्या कपाटातला कपसुद्धा पडला नाही, म्हणून उद्यापासून शाळा सुरू. त्यांना सांग, कप हे मोजमापाचं साधन नव्हे. मोठा भूकंप काय केलं ते सगळ्यांसमोर मांडून जातो. लोक रडतात, पण निदान बघतात. मध्यम धक्का गिलाव्याच्या आत काम करून जातो आणि लोक दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीला टेकून चहा पितात. म्हणून बघायचं.

चौकटींचा कागद घे. फाटकावरचा कठडा ओळंब्यात आहे का ते दोरीला दगड बांधून बघ. गच्चीवरच्या टाकीचे पाइप, वाकणापाशी. प्रयोगशाळेतला गॅसचा कॉक बंद कर आणि कपाटं भिंतीपासून सुटलीत का ते बघ. मग भेगा. प्रत्येक भेग कागदावर काढायची: उभी, आडवी की तिरपी, कुठून कुठपर्यंत, पोस्टकार्ड शिरतं की नाणं. दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ आणि तारीख. पुढे वाढली तर कळेल.

काम माझं आहे, त्यामुळे सापडेल ते किरकोळ सापडेल. पण बघायचं म्हणजे बघायचं.

दादा


८ फेब्रुवारी

दादा,

यादी वाचून दाखवली. अध्यक्ष म्हणाले, "वा, भट्टीसुद्धा." पुढे काही नाही.

तू सांगितलेलं सगळं केलं. शिडी शिपाईमामांनी धरली आणि वर मी चढले. मुख्याध्यापिकेला शिडीवर बघितल्यापासून आठवीचा वर्ग माझ्यासमोर गंभीर राहूच शकत नाही. त्याचं बिल तुझ्या नावावर.

फाटकावरचा कठडा चार बोटं बाहेर झुकलाय. त्याच्याखालून रोज तीनशे बारा पोरं ये-जा करतात. मी त्याच दिवशी उतरवून घेतला. मामांनी पहार लावली आणि तो नुसत्या धक्क्याने सुटला, त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. टाकीचा पाइप वाकणापाशी फुटलाय, पाणी स्लॅबवरून आत मुरत होतं, कोणाच्या लक्षात नव्हतं. प्रयोगशाळेतलं आम्लाच्या बाटल्यांचं कपाट भिंतीपासून सुटून पुढे आलंय, एका खिळ्यावर उभं होतं. धक्का बसला तेव्हा मुलं हजेरीसाठी मैदानात होती, हे आपलं नशीब. तेव्हा बघायचं म्हणालास, त्यात हे तिन्ही तुझ्या बाजूने.

भेगा कागदावर काढून सोबत पाठवतेय, अकरा आहेत. दहा केसासारख्या आहेत, पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही. अकरावी म्हणजे खरं तर एक नाही. मागच्या बाजूला, रस्त्याचा गोंगाट नको म्हणून जिथे तू खिडक्या उंचावर घेतल्यास, तिथे सात फुटांपर्यंत भिंत आहे आणि वर बीमपर्यंत तीन फूट खिडक्या. त्या तीन फुटांत कॉलमवर तिरपी भेग आहे. एक इकडून, एक तिकडून, गुणाकाराची खूण काढल्यासारखी. आठातल्या पाच कॉलमांवर अगदी एकसारखी. नाणं शिरतं.

समितीच्या गवंड्याने बघितलं. म्हणतो, गिलाव्याची भेग आहे, रंगाचा हात दिला की संपलं. शनिवारी रंगारी येतोय. वर्ग सोमवारपासून सुरूच आहेत.

आणि हो, तुझ्या भिंती अजून तशाच आहेत. उद्घाटनाला तू सगळ्यांसमोर सांगितलं होतंस ना, नकाशावाल्याने कॉलम आणि भिंतीमध्ये फट सोडली होती, मी अशी बुजवली की बोट काय, ब्लेड शिरणार नाही? लोक किती हसले होते. मी परवा मुद्दाम ब्लेड घालून पाहिलं. शिरलं नाही.

घोट्याची काळजी घे. वहिनीला त्रास देऊ नकोस.

ठमी


१० फेब्रुवारी

ठमे,

सकाळी फोनवर सांगितलं तेच लिहून देतोय, म्हणजे दाखवायला तुझ्याकडे कागद राहील.

रंगारी परत पाठव. मागच्या बाजूचे तळमजल्यावरचे तिन्ही वर्ग आणि त्यांच्या वरचे तिन्ही वर्ग आजपासून रिकामे. त्या भागात कोणी झाडायलासुद्धा जायचं नाही, तूही नाहीस.

अपवाद एकदाच. काचेच्या दुकानातून पातळ पट्ट्या आण, बोटभर रुंद, वीतभर लांब. पाचही कॉलमांवर भेगेच्या आडव्या बसवायच्या, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा, मध्ये काच मोकळी. भेग हलली तर काच तुटेल. काच खोटं बोलत नाही. काम दहा मिनिटांत उरकून बाहेर यायचं.

कारण विचारू नकोस. नंतर लिहितो.

दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

आठवडा झाला. "नंतर" म्हणजे कधी?

सहा वर्ग मी रिकामे केले. दीडशे मुलं मैदानात झाडाखाली बसतात, फळा बाकावर टेकवून. वारा आला की पाचवीचा भूगोल सातवीकडे उडत जातो. पालकांनी विचारलं का, तर माझ्याकडे उत्तर नाही. अध्यक्षांनी लेखी विचारलं का, तर माझ्याकडे उत्तर नाही. "माझ्या भावाने सांगितलं" असं लिहिलं, तर त्यांनी शेरा मारला, "शाळा घरगुती सल्ल्यावर चालत नाही." तीन आठवड्यांवर परीक्षा आहे. मला कारणे दाखवा अशी नोटीस आली आहे, आणि दाखवायला माझ्याकडे एकच कारण आहे, आणि ते घोटा प्लॅस्टरमध्ये घालून बसलंय.

फोन केला की वहिनी घेते. "झोपलेत." सकाळी अकराला? तुला मी शेहेचाळीस वर्षं ओळखते. तू दिवसा झोपलास तर वहिनी डॉक्टरला बोलावेल.

आता ऐक. काचा बसवल्या. चौदा तारखेला दुपारी पुन्हा हललं. इतकं थोडं की ऑफिसात कोणालाच कळलं नाही, फक्त पंखा डुलला आणि शिपाईमामा म्हणाले, "बाई, चक्कर आली का मला?" मी मैदानातून दुर्बीण लावून पाहिलं, तुझ्या भाच्याची पक्षी बघायची. पाचातल्या दोन काचा तुटल्यात.

मी घाबरट नाही, दादा. पण कशाला घाबरायचं ते तरी मला कळू दे. तू काहीतरी लपवतोयस. लपवायचं असेल तर माझ्यापासून लपव, मी मोठी झाले आहे, सहन करीन. पण त्या दीडशे पोरांना उन्हात बसवून लपवू नकोस.

ठमी


२० फेब्रुवारी

ठमे,

झोपलो होतो हे खोटं. मी जागा होतो. फोन तुझा आहे हे कळूनच उचलत नव्हतो.

तुझा भेगांचा कागद मिळाला त्या दिवशी मी पत्र्याची पेटी उघडली. शाळेचा मूळ नकाशा त्यात आहे. चौदा वर्षांत घडीवर फाटलाय, पण वाचता येतो. भिंग घेऊन बसलो. मागच्या बाजूच्या प्रत्येक कॉलमशेजारी, सात फुटी भिंतीच्या टोकाला, दोन बारीक रेघा आहेत. मध्ये एक इंच. आणि शेजारी लिहिलंय: "जागा मोकळी ठेवावी, भरू नये."

मला ते तेव्हा दिसलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. दिसलं होतं. वाचलं होतं. मला वाटलं, टेबलावर बसून रेघा मारणारा माणूस, याने कधी वीट उचललेली नाही, याला कसं कळणार की फटीतून पाणी येतं, पाली येतात, वारा येतो. विचारायला गेलो नाही. सातवी पास माणसाने इंजिनिअरला विचारायचं म्हणजे आपलं उणं कबूल करायचं. मी विटा तासून तासून बसवल्या, जास्त सिमेंटचा श्रीमंत माल भरला, आणि वर चौदा वर्षं ती गोष्ट सांगत फिरलो.

आता ते का लिहिलं होतं ते सांगतो. दहा फुटांची एक काठी घे आणि तेवढ्याच जाडीची तीन फुटांची एक. दोन्ही खालून पक्क्या रोव आणि दोन्हींची वरची टोकं दोन-दोन बोटं ढकल. लांब काठी वाकेल आणि परत येईल. आखूड काठीला वाकायला जागा नाही, ती फुटेल. कॉलम दहा फुटांचा होता. इमारत हलली की त्याने दहा फुटांत वाकायचं असं नकाशावाल्याने धरलं होतं. मी त्याला सात फुटांपर्यंत दोन्ही बाजूंनी भिंतीने आवळून टाकला. हलायला उरले तीन फूट. सगळा जोर त्या तीन फुटांत गेला. गुणाकाराची खूण तीच. जमीन इकडे गेली तेव्हा एक रेघ, तिकडे गेली तेव्हा दुसरी.

ते कॉलम पडले नाहीत याचा अर्थ ते ठीक आहेत असा नाही. त्यांनी आपली ताकद खर्च केली आहे. बाहेरून रंग दिला तर नवीन दिसतील. पुढचा धक्का पाचचाच असू दे, त्याहून कमीचा असू दे, त्यांच्याकडे द्यायला काही नाही, आणि वर तीन वर्ग आहेत. काचा तुटल्या म्हणजे तेच.

काम वाईट झालं असतं, माल पातळ पडला असता, तर फट आपोआप राहिली असती आणि हे झालं नसतं. हा विचार मी दहा दिवस केला. आता पुरे.

काय करायचं ते लिहितो. एक, तुझी ती विद्यार्थिनी, इमारतींची इंजिनिअर झाली म्हणालेलीस, तिला बोलाव. मी इंजिनिअरला बोलावायला सांगतोय हे तुझ्या वहिनीला खरं वाटलं नाही, तिने पत्र पुन्हा वाचायला लावलं. दोन, तिच्यासमोर एका कॉलमचा गिलावा फोडायचा आणि आत काय आहे ते समितीने डोळ्यांनी बघायचं. तीन, हे पत्र समितीत वाच. संपूर्ण. मी तुझा भाऊ आहे म्हणून एक ओळ गाळलीस तर मला कळेल.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

वाचलं. संपूर्ण. "उणं कबूल करायचं" इथे थांबून पाणी प्यायले आणि पुढे वाचलं.

माझी विद्यार्थिनी शनिवारी आली. नववीत भूमितीत दोनदा नापास झाली होती, आता हेल्मेट घालून मला म्हणते, "बाई, तुम्ही रेघेच्या मागे उभ्या राहा." राहिले. आधी तिने बीमखाली लोखंडी टेकू लावून घेतले, मगच हातोडी. गिलावा आणि त्यामागचं काँक्रीट हाताने निघालं. आत उभ्या सळया बाहेर फुगल्या होत्या आणि त्यांना धरणाऱ्या आडव्या रिंगा दोन ठिकाणी उघडल्या होत्या. समितीतले सात जण बघत होते. मग तिने भिंतीचा सांधा फोडायला घेतला. चाळीस मिनिटं लागली. घाम पुसून विचारते, "बाई, हे कोणी बांधलं?" म्हटलं, माझ्या भावाने. म्हणाली, "इतकं चांगलं कशाला बांधलं?"

तिचं म्हणणं असं. इमारत पाडायची गरज नाही. कॉलमांभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं जाड आवरण, भिंतींमध्ये मूळची फट पुन्हा कापायची, त्यात नरम पट्टी आणि भिंत पडू नये म्हणून लोखंडी पकड. तीन महिने. तोवर त्या बाजूला कोणी नाही.

आता वाईट भाग. अध्यक्ष म्हणाले, या बाईंना समितीने बोलावलेलं नाही, त्यांचं मत आम्हाला बंधनकारक नाही. तीन महिने अर्धी शाळा बंद राहिली तर मुलं दुसऱ्या शाळेत जातील आणि परत येणार नाहीत. ते खोटं बोलत नाहीयेत, दादा, जातील. त्यांची नात वरच्या मजल्यावर सहावीत आहे. मी म्हटलं, तिचा तरी विचार करा. म्हणाले, "बाई, पाचच्या धक्क्याला घाबरून शाळा बंद केली तर आपल्याला वर्षभर बंदच ठेवावी लागेल." मतं चार विरुद्ध तीन. सोमवारी, पाच मार्चला, सगळी मुलं आपापल्या वर्गात. फोडलेला कॉलम बुजवून रंग. मी ऐकलं नाही तर माझ्या जागी दुसरं कोणी.

इंजिनिअर म्हणते, हे थांबवू शकतं ते फक्त बांधकाम खातं. खात्याला मूळ नकाशा आणि बांधणाऱ्याची सही असलेली कबुली मिळाली, तर ते त्याच दिवशी कुलूप लावतात. खात्याकडची प्रत दहा वर्षांपूर्वी ओलीने गेली. शाळेकडची कधीच नव्हती. उरली एक, ती तुझ्या पेटीत.

अध्यक्षांनाही हे कळलंय. मी पत्र वाचलं तेव्हा त्यांनी फक्त "पेटी" हा शब्द वहीत लिहून घेतलेला मी पाहिला. ते तुझ्याकडे येणार आहेत.

खात्यात कबुली दिलीस तर तुझा परवाना जाईल, हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे की तुला माहीत आहे. मी तुला काय कर असं सांगणार नाही. पाच तारखेला मी मात्र वरच्या वर्गांकडे जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर खुर्ची टाकून बसणार आहे. मला ओलांडून ज्याला वर जायचं त्याने जावं.

ठमी


२ मार्च

ठमे,

खुर्ची उचल आणि ऑफिसात नेऊन ठेव. कुलूप आज दुपारी लागेल.

काल सकाळी तुझ्या वहिनीने रिक्षा आणली. कुबड्या, नकाशा, आणि चार पानं कबुली. बांधकाम खात्यातल्या कारकुनाने विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?" म्हटलं, माझ्याविरुद्ध. त्याने फॉर्म तीनदा उलटासुलटा केला, त्यात तसा रकानाच नाही. शेवटी त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी नकाशा उजेडात धरला, तुझ्या विद्यार्थिनीने पाठवलेले फोटो शेजारी ठेवले, आणि मला बसायला खुर्ची दिली. पोच सोबत आहे, शिक्का नीट उमटलाय का ते मी दोनदा बघून घेतलं. परवान्याचं पुस्तक त्यांनी तिथेच ठेवून घेतलं. चौकशी होईपर्यंत मी नवीन काम घेऊ शकत नाही.

जुनं दुरुस्त करायला परवाना लागत नाही, फक्त इंजिनिअरची देखरेख लागते. माझी चार माणसं बुधवारी टेकू आणि करवत घेऊन येतील. प्लॅस्टर तेरा तारखेला निघतंय, चौदाला मी येतो. फटी मी स्वतः कापणार आहे, आठ कॉलमांच्या सोळाच्या सोळा. तुझ्या विद्यार्थिनीला सांग, इंच म्हणजे तिला किती इंच हवा तो नकाशावर लिहून दे, मी प्रश्न विचारणार आहे आणि पुष्कळ विचारणार आहे, तिने कंटाळायचं नाही. परीक्षेसाठी पुढच्या बाजूच्या वर्गांत दोन पाळ्या कर. मुलं दुसऱ्या शाळेत गेली तर जाऊ देत, चालत जातील.

मी बांधलेल्या एकोणतीस घरांची वही काढली आहे. माझं स्वतःचं मी आधीच बघितलं. आणखी चार ठिकाणी मी "सुधारणा" केल्यात असं आठवतंय. त्या चारही घरमालकांना पत्रं गेली. एकाने फोनवर शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या आणि तारीख ठरवली.

आता अध्यक्ष. ते परवा आले होते, मी खात्यात जायच्या आदल्या दिवशी. सभ्य माणूस. कुबड्या बघून स्वतः उठून तांब्या आणला. तासभर बसले. नातीचं बोलले, शाळा सुरू केली तेव्हा स्वतःची जमीन कशी दिली ते बोलले, सगळं खरं आहे. मग म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही स्वतःला इतकं दोषी का ठरवता? पाचचा धक्का, त्यात काय एवढं. दोघांचंही भलं होईल असं बघू." मी विचारलं, नातीला सोमवारी वर पाठवणार का? म्हणाले, "तिला आठवडाभर मावशीकडे पाठवतोय, लग्न आहे." मग स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांनी हातातला कप खाली ठेवला. चहा निवला.

तरीही त्यांनी विचारलंच. समितीत उद्या कोणी म्हणेल की मिस्त्रीने सूड म्हणून किंवा पैशासाठी केलं, म्हणून तुला नेमकं लिहून ठेवतो. नकाशा त्यांच्या हवाली करायचा, आणि भिंतींमध्ये फटी पहिल्यापासून होत्या अशा चिठ्ठीवर सही करायची. त्या बदल्यात शाळेच्या नव्या तीन मजली इमारतीचं पायापासून गच्चीपर्यंत सगळं काम माझ्या एकट्याकडे, आणि दर्शनी दगडावर माझं नाव. मजुरी आणि देखरेख धरून सव्वीस लाख. मी नको म्हणालो.

दादा